ओली दाखल नोंदवही

पुराचं पाणी ओसरून वाचनालयाचं कुलूप उघडलं तेव्हा पुस्तकं भिजून सतरा-अठरा तास झाले होते. कोकणातल्या दमट हवेत बुरशी धरायला दोन दिवस पुरतात, म्हणजे हाताशी जेमतेम तीस तास. खालच्या तीन फळ्या बुडालेल्या. कागद फुगून पुस्तकं इतकी घट्ट बसली होती की ओढलं की पुठ्ठा हातात आणि पानं आत. अशा वेळी ओढायचं नाही. रॅकच्या एका बाजूचे बोल्ट ढिले करायचे, की पुस्तकं आपसूक सुटतात.

सगळे कादंबऱ्यांकडे धावले. मी कपाटातल्या दाखल नोंदवह्या, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाचा क्रमांक टिपलेल्या वह्या, आधी बाहेर काढायला लावल्या. हा कोरडा कारकुनीपणा वाटेल, पण १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता असलेल्या वाचनालयाचं अनुदान त्याच्या वर्गावर, म्हणजे दर्जावर ठरतं आणि वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या पाहिली जाते. नोंदवही गेली तर नेमकं काय भिजलं हेही दाखवता येत नाही. मग निर्लेखनाचा, म्हणजे गेलेली पुस्तकं दप्तरातून कमी करण्याचा ठराव कशाच्या आधारावर करणार? पंचनामा होईपर्यंत तर लगदा झालेली पुस्तकंही टाकायची नाहीत. फक्त कोरड्यांपासून लांब ठेवायची.

सर्वांत जुनी नोंदवही निराळ्या कारणाने मोलाची. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं; आमचं त्यानंतर कित्येक वर्षांनी निघालं, पण वळण तेच, इंग्रजी अमदानीत इथल्या लोकांसाठी निघालेल्या ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’चं. सुरुवातीची पानं मोडीत. घरी पुस्तक न्यायला वर्गणी, टेबलावरचं वर्तमानपत्र मात्र कुणीही वाचावं. आजचा मुक्तद्वार विभाग तिथूनच आला. चिखल पुसल्यावर दिसलं, की बोरूने लिहिलेली काळपट अक्षरं जागच्या जागी होती आणि नंतरच्या रबरी शिक्क्यांची जांभळी शाई पसरून पाच-पाच पानं रंगली होती. शिक्क्याची शाई पाण्यात विरघळते, ही जुनी टिकली.

ओली वही मधोमध उघडायची नाही, शिवण तुटते. ती आडवी ठेवून, वीसेक पानांमागे एक असे कोरे कागद सारले. छापील वर्तमानपत्र नको, शाई उतरते. गावातल्या छापखान्याने न्यूजप्रिंटची कातरणं दिली. कागद फार कोंबले की पुठ्ठ्याची पाठ फुटते. दर तीन तासांनी ते बदलायचे. पंखा भिंतीकडे तोंड करून. उन्हात मात्र नाही, पानं वाकडी होऊन कडक होतात.

दिवाळी अंकांची गुळगुळीत रंगीत पानं सर्वांत वाईट. एकदा चिकटून वाळली की वीट. ती आणि वेळेत हात न लागणारी पुस्तकं प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून, पाठ खाली करून कॅरेटमध्ये भरली आणि मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये उणे अठरावर ठेवली. गोठवल्याने बुरशी मरत नाही, थांबते. पण तेवढ्याने सवड मिळते. पुढे दहा-दहा काढून वाळवली. काहींना अजून बांगड्याचा वास येतो.

जुनी वही अकराव्या दिवशी कोरडी झाली. दोन फळ्यांत घालून वर चार विटा ठेवल्या. तीन पानांवरचे दाखल क्रमांक गेले होते. ते पुस्तकांच्या गुप्त पानावरच्या, म्हणजे दाखल क्रमांक लिहायला आत ठरवून ठेवलेल्या पानावरच्या नोंदीवरून जुळवले. दोन पुस्तकं सापडलीच नाहीत. त्या ओळींपुढे पेन्सिलीने फुली आहे.