आजोबांसाठी केलेले बेक्ड बीन्स

इंग्लंडमधल्या रेडिंगला आमच्या शेजारी एक इंग्रज आजी-आजोबा राहतात. गेल्या हिवाळ्यात आजोबांचं हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी मीठ अगदी बेताचं करायला सांगितलं. टोस्टवर बेक्ड बीन्स, म्हणजे टोमॅटोच्या गोडसर सॉसमधले टिनातले पांढरे दाणे, हा त्यांचा जन्माचा नाश्ता. कमी मिठाचे टिन मिळतात, पण ते त्यांना रुचेनात. आजींना ओट्यापाशी फार वेळ उभं राहवत नाही. म्हटलं, मी करून बघते.

पाव किलो हॅरिको बीन्स आणले. पांढरे, लांबट, राजम्याहून बारीक. रात्रभर भिजवले, सकाळी ते पाणी टाकून ताज्या पाण्यात दहा मिनिटं खळखळून उकळले. ही दहा मिनिटं कुणीही चुकवू नयेत. राजमा आणि हे बीन्स एकाच जातीचे. कच्च्या दाण्यात एक विषारी प्रथिन असतं, ते जोराच्या उकळीनंच जातं. भिजवलेले दाणे थेट स्लो कुकरमध्ये टाकले तर मंद आचेवर ते तसंच राहतं आणि उलट्या होऊ शकतात.

इथवर ठीक होतं. पुढे मात्र नावातल्या ‘बेक्ड’वर विसंबून मी दाण्यांवर टोमॅटोचा रस ओतला आणि भांडं झाकून तीन तास ओव्हनमध्ये ठेवलं. सॉस आटून काळपट झाला, दाणे मात्र गणंग. दाताखाली कचकन लागत होते. फार वाईट वाटलं, कारण आजींना मी आदल्या दिवशीच सांगून बसले होते.

रात्री आमटीला फोडणी देताना लक्षात आलं. डाळ शिजून मऊ झाल्याशिवाय आई चिंच घालत नसे, आमसूलही नाही. आंबट पडलं की दाण्याचं शिजणं अडतं, आणि टोमॅटो आंबटच. त्यात रेडिंगचं पाणी जड, किटलीत आठवड्याभरात चुन्याचा थर धरतो. पाण्यातलं कॅल्शियमही दाणा कडक ठेवतं.

टिनातले बीन्स मग सॉसमध्ये मऊ कसे होतात? तर आता ते ओव्हनमध्ये जातच नाहीत. दाणे आणि सॉस टिनात भरून सीलबंद करतात आणि वाफेच्या दाबाखाली शिजवतात. मूळचा पदार्थ अमेरिकेचा. बॉस्टनकडे तो काकवी आणि खारवलेलं डुकराचं मांस घालून तासन्‌तास मातीच्या भांड्यात भाजतात. हाइन्झ या अमेरिकी कंपनीचे टिन सुरुवातीला लंडनच्या फोर्टनम अँड मेसन या उंची दुकानात विकायला आले तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. आज ते इथल्या घराघरात असतात.

दुसऱ्या खेपेला फिल्टरचं पाणी घेतलं आणि खायच्या सोड्याची चिमूट टाकली. दहा मिनिटांच्या उकळीनंतर मंद आचेवर पाऊण तासात दाणा दोन बोटांत लोण्यासारखा दबला, साल शाबूत. मगच सॉसला हात लावला.

खरं कौशल्य या सॉसमध्ये आहे. अर्धा किलो गाळीव टोमॅटो, दीड मोठा चमचा ब्राउन शुगर, एक चमचा माल्ट व्हिनेगर, कांद्याची पूड, थोडी पॅप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड), पांढरी मिरी आणि लवंगेची जेमतेम चिमूट. लवंग ओळखू आली तर जास्त झाली समजावं. लसूण आणि जिऱ्याचा मोह मी टाळला. ही उसळ नव्हे, आजोबांना त्यांचीच चव हवी होती. मीठ पाव चमच्याहून कमी. त्याची उणीव व्हिनेगर आणि कांद्यानं बरीच भरून काढली.

रंग मात्र लालभडक, आणि तो तर नारिंगी हवा. मूठभर शिजलेले दाणे सॉसबरोबर मिक्सरमधून काढले, दोन छोटे चमचे कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून घातलं. रंग फिकटला आणि रस छान मिळून आला. मग सगळं एकत्र करून झाकण ठेवून 150 अंशांवर तासभर ओव्हनमध्ये.

लगेच चाखलं तर दाणे वेगळे आणि सॉस वेगळा लागत होता. रात्रभर फ्रिजमध्ये मुरू दिले. सकाळी दाण्यांच्या आतपर्यंत गोड-आंबट चव उतरली होती.

गरम करून डबा शेजारी नेला. आजींनी टोस्टला लोणी लावलं, आजोबांनी पहिला घास बराच वेळ चावला आणि काही न बोलता अख्खी बशी संपवली. मग म्हणाले, रस किंचित पातळ असता तर टोस्टमध्ये अजून मुरला असता.

आता मी कॉर्नफ्लोअर एकच चमचा घालते. दर दुसऱ्या शनिवारी रात्री अर्धा किलो दाणे भिजतात, निम्मे बीन्स त्यांच्या फ्रीझरमध्ये जातात.