टनामागे युनिट किती?

वडिलांनी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फौंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना, टाकली तेव्हा क्युपोला ही कोळशावरची उभी भट्टी होती, कोक होता आणि ऑइल इंजिनच्या कास्टिंगची कामं होती. पुढे विजेवरची इंडक्शन भट्टी आली. धूर गेला, पण कच्च्या मालाखालोखाल विजेचं बिल भारी पडू लागलं.

एक टन बीड (ओतीव लोखंड) वितळवून 1450 अंशांपर्यंत न्यायला हिशेबाने 400 युनिटच्या आसपास वीज पुरते. छोट्या फौंड्रीत आकडा सहज 600 च्या पुढे जातो. मधली वीज भट्टीभोवतीची कॉइल थंड ठेवणाऱ्या पाण्यातून, आतल्या अस्तरातून आणि भट्टीच्या उघड्या तोंडातून जाते. आमच्या भट्टीला झाकण होतं, भिंतीला टेकवलेलं! भट्टी चालवणारे मेल्टर मामा म्हणायचे, "झाकण लावून भंगार कुठनं टाकू? वरचा मळ, स्लॅग कसा काढू?" त्यांचंही खोटं नव्हतं. त्यात मेल्टिंगचा ठेका टनावर. वीज वाचली तर पैसे माझे, झाकण उचलायची झळ त्यांना. वीजवापराच्या ऑडिटच्या जाडजूड अहवालात हे कुठेच नव्हतं.

कपॅसिटरचं काम मात्र मुकाट झालं. एप्रिल 2020 पासून राज्यात उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएचवर, म्हणजे नुसत्या कामी आलेल्या नव्हे तर एकूण ओढलेल्या विजेवर, बिल येऊ लागलं आणि घसरलेला पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला कामी आलेला वाटा) थेट बिलात दिसला. कपॅसिटर आपोआप जोडून तो सुधारणारं एपीएफसी पॅनेल नीट करून घेतलं. त्यात कुणाला सवय मोडायची नव्हती.

मोटारींचं अजून जमलेलं नाही. साच्यांची वाळू तयार करणाऱ्या सँड प्लांटची मोटर जळाली की कमी वीज खाणारी आयई3 मोटर शोधत बसायला सवड नसते. उद्यमनगरातला रिवाइंडर जळालेलं वाइंडिंग संध्याकाळपर्यंत नव्याने बांधून देतो. पुन्हापुन्हा बांधलेली मोटर वीज जास्त खाते, पण लाइन थांबत नाही.

शेवटी मामांचा ठेकाच बदलला. भट्टीला वेगळा मीटर, प्रत्येक हीटचे (एका वेळच्या वितळणीचे) युनिट फळ्यावर आणि वाचलेल्या विजेत त्यांच्या माणसांचा वाटा. झाकणही काउंटरवेट लावून हलकं करून घेतलं. आठवडाभरात मामाच मोल्डिंगवाल्यांवर ओरडू लागले, "धातू तयार हाय, साचे कुठं हाईत?" साचे नाहीत म्हणून धातू तापवत धरून ठेवण्यातच बरीच वीज जात होती, हे तेव्हा उघड झालं. मोल्डिंगवाले म्हणतात, कोअर (कास्टिंगमधल्या पोकळीसाठी साच्यात ठेवायचे वाळूचे गाभे) उशिरा येतात. कोअर बाहेरून येतात, आणि त्या माणसाला माझ्या युनिटांशी काय देणंघेणं? वेळेवर कोअर दिले तर नगामागे थोडा जास्त दर, अशी सध्या त्याच्याशी बोलणी चालली आहेत.