बसायला धारवाड

धारवाडला बघण्यासारखं फारसं काही नाही, असं निघण्याआधी ज्याने त्याने सांगितलं. मला बघायला जायचंच नव्हतं. काम लॅपटॉपवर चालतं, मुलगी शिकायला बाहेर गेली, पुण्यातला फ्लॅट रिकामा आणि खालचा रस्ता तुंबलेला. वर्षभर दुसरीकडे भाड्याने राहावं असं डोक्यात होतं. गाव लहान हवं पण पेंगुळलेलं नको, पायी फिरता यावं, पुस्तकं मिळावीत. अशी गावं बहुतेक कॉलेजांच्या आधाराने वाढलेली असतात. पुणंही एके काळी तसंच होतं म्हणे. असेल, माझ्या वाट्याला ते आलं नाही.

मणिपाल बघून झालं होतं. देखणं आहे, पण तिथे पंचविशीच्या पुढचा माणूस म्हणजे कुणाचा तरी पालक. गुजरातेतल्या वल्लभ विद्यानगरातून मला उन्हाने हाकललं.

धारवाडला उतरले तेव्हा जुलैची झिमझिम चालू होती. लॉजवर गरम पाणी सकाळी सहा ते आठ, आणि उशीला ओल्या सतरंजीचा वास. तक्रार केली तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मळे री, मळे." पाऊस आहे ना, मग तो काय करणार! पहिला दिवस घरं बघण्यात वाया गेला. दुसऱ्या दिवशी टेकडीवरच्या कर्नाटक विद्यापीठात चक्कर मारली. झाडी दाट, इमारत भारदस्त, आणि मैलभर चालायचं. विद्यापीठ 1949 साली मुंबईत कायद्याने स्थापन झालं आणि पुढच्या वर्षी इथे आलं. छान आहे. पण विद्यापीठं सगळीकडेच छान असतात, त्यावर घर भाड्याने घेता येत नाही.

गाव पटलं ते कर्नाटक कॉलेजच्या बाजूच्या एका टपरीवर. पाऊस वाढला म्हणून आत शिरले. दोन बाकं, वर निळं ताडपत्रीचं छप्पर, मध्ये साठलेलं पाणी अधूनमधून काठीने ढोसून बाहेर लोटायचं. मालकीणबाई गिरमिट करत होत्या. चुरमुऱ्यांवर आधी चिंच, गूळ नि कांद्याचा शिजवलेला रस्सा, मग मूठभर डाळ्याचं पीठ, हाताने खालवर करून कच्चा कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, वर शेव. भेळेची चुलत बहीण म्हणा, पण ही जरा ओलसर आणि बऱ्यापैकी तिखट. सोबत मिरची भजी. "कूड्री अक्का, कूड्री," म्हणून त्यांनी बाक पुसून दिला. बसले.

आणि बसूनच राहिले. प्लेट संपली, चहा झाला, दुसरा चहा झाला. शेजारी मुली झेरॉक्सचा गठ्ठा मांडून एकमेकींना प्रश्न विचारत होत्या, समोर एक मुलगा नुसता पावसाकडे बघत होता. कुणी "अजून काही?" विचारलं नाही. पन्नाशीची बाई एकटी टपरीवर तास दीड तास काय करतेय, हा प्रश्न कुणाच्या डोळ्यांत दिसला नाही. आमच्याकडे कॅफेत एवढा वेळ बसलं की वेटर टेबल पुसायला तीनदा येतो. कॉलेजच्या गावात रिकामं बसणं हा गुन्हा नाही, कारण निम्मं गाव तेच करत मोठं झालेलं असतं. मला बहुधा एवढंच हवं होतं.

एक निवृत्त मास्तर छत्री झटकत आले. माझा फोनवरचा मराठी आवाज ऐकून म्हणाले, "पुण्याच्या का?" घरात मराठी, बाहेर कन्नड असं त्यांचं आयुष्य. म्हणाले, "माझा जन्म मुंबई राज्यातला. शाळेत गेलो म्हैसूर राज्यात. नोकरी केली कर्नाटकात. घर मात्र तेच, मागच्या गल्लीतलं." 1956 ची राज्यपुनर्रचना आणि 1973 चं नामांतर, या दोन सालांचा असा हिशोब मी शाळेच्या पुस्तकात वाचला नव्हता. 1917 मध्ये हे कॉलेज निघण्याआधी इथली मुलं शिकायला पुण्याला जात, हेही त्यांनीच सांगितलं. मराठीचं कौतुक ऐकायच्या तयारीत मी होते, तर त्यांनी सरळ विषय काढला: त्या काळी इथे शाळा-कचेरीत मराठीचा इतका जोर होता की कन्नडसाठी 1890 मध्ये विद्यावर्धक संघ काढावा लागला. "तुमच्याकडे हे कुणी सांगत नसतील," म्हणाले. नाही सांगत. माझं नाव, नवरा, नोकरी यातलं त्यांनी काहीही विचारलं नाही, आणि पाऊस ओसरताच "येतो" म्हणून गेले.

जी. ए. कुलकर्णी इथेच राहून वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवत होते. सभा-समारंभ टाळणाऱ्या माणसाला हे गाव का मानवलं असेल, ते मला त्या बाकावर कळलं. इथे तुम्हाला एकटं सोडतात, पण वाऱ्यावर सोडत नाहीत.

आता कुरकुर. दुपारी पुस्तकांच्या दुकानाला कुलूप. सुभाष रोडवर मी बंद शटरासमोर उभी, आणि शेजारचा शिंपी हाताने 'चार' दाखवतोय. याच रस्त्यावर मनोहर ग्रंथमालेचा तो प्रसिद्ध माळा, 1933 पासून कन्नड साहित्यातली कितीतरी मोठी माणसं तिथे गप्पा मारून गेली. मला कन्नड वाचता येत नाही, त्यामुळे बाहेरूनच बघितला. लाइन बाजारातल्या पेढ्याच्या रांगेत पाऊण तास गेला. पेढा तपकिरी, साखरेत घोळलेला, खमंग. पण पाऊण तासाचा? मला नाही वाटत, आणि हे लिहिल्यावर शिव्या पडणार आहेत. सप्तापूर भागात स्पर्धा परीक्षांच्या क्लासच्या इतक्या पाट्या की मागची घरं दिसत नाहीत. तिथली मुलं मात्र निवांत वगैरे अजिबात नाहीत. पहाटे पाचला दिवा लागलेला असतो.

सगळ्यात चीड आणली घरमालकांनी. टपरीवर न विचारलेले सगळे प्रश्न इथे एकदम. एकट्याच का? मिस्टर कधी येणार? मांसाहार? पाहुणे? एका काकांनी तर मुलीची जन्मतारीख विचारली. ती माझ्याबरोबर राहणार नाही, असं सांगूनसुद्धा! तिथे मी चहाला थांबले नाही.

शेवटी सप्तापूरच्याच मागच्या बाजूला एका आजींचा वरचा मजला मिळाला. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: पाण्याची मोटर लावता येते का, आणि रात्री दहानंतर जिना वाजवणार का. मोटर शिकले. अ‍ॅडव्हान्स पाठवलाय. पावसात कपडे वाळत नाहीत म्हणून दसऱ्यानंतर येते असं कळवलं, तर त्यांचं उत्तर आलं की येताना चितळ्यांची बाकरवडी आणा, इथे ताजी मिळत नाही.