कोणासारखं व्हायचं?

आज भाचीच्या वाढदिवसाला पोरांचा वाद रंगला होता: कुठला सुपरहिरो व्हायचं? बॅटमॅनला सगळ्यात जास्त मतं. (वडिलोपार्जित इस्टेट आणि हाताशी अल्फ्रेडसारखा बटलर असेल तर आपणही रात्रभर हिंडू!)

भाची मात्र स्पायडरमॅनवर अडून बसली. का? "त्याला पण परीक्षा असते." बिनतोड! १९६२ मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी उभा केलेला हा पोरगा मे काकूंच्या घरखर्चाची चिंता करतो, स्वतःचेच फोटो काढून पेपरला विकतो आणि तोच पेपर त्याला बदनाम करतो. तरी दुसऱ्या दिवशी हजर. भिंती चढण्यापेक्षा हे अवघड आहे राव.

मला विचारलं, तर मी म्हटलं वेताळ, म्हणजे कॉमिक्समधला फँटम. ली फॉकने रचलेला, १९३६ पासूनचा; आम्हाला भेटला इंद्रजाल कॉमिक्समधून. एकही दैवी शक्ती नाही. बापानंतर मुलगा तोच मुखवटा चढवतो आणि जगाला वाटतं, हा अमर आहे. पिढ्यानपिढ्या काम करायचं आणि स्वतःचं नाव कुठेच नाही! आजच्या सेल्फीच्या जमान्यात जमेल कुणाला?

पोरं ढिम्म. एकाने विचारलं, "मामा, त्याचा पिक्चर आहे का?"

आहे, १९९६ चा. पण आधी कॉमिक वाचा रे.