बेट आतून मोकळं करायचं

बाबांनी 2003 साली कुडाळजवळच्या आमच्या घरामागे, व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठाला जायंट बांबूचे दोन कंद लावले होते. आमच्या सिंधुदुर्गात बांबू म्हटलं की माणगा, बांधाबांधावर असतो, काटे नाहीत, आतून जवळजवळ भरीव, ट्रकच्या ट्रक भरून घाटावर जातो मळ्यांना आधार द्यायला. हा त्यातला नाही. हा दोन्ही पंजांच्या वेढ्यात मावत नाही, वीस मीटरच्या वर सहज जातो आणि पावसाळ्यात जोर धरला की कोंब सकाळी बघितला त्यापेक्षा दुसऱ्या सकाळी वीतभर उंच झालेला असतो. बाबांचा फार जीव होता त्या बांबूच्या बेटावर, म्हणजे एकत्र वाढलेल्या त्या जुडग्यावर. ते गेले आणि पुढची सहा वर्षं तिकडे कुणाचं लक्षच गेलं नाही, मी पुण्याहून वर्षातून दोनतीनदा यायचे ते घर उघडून झाडलोट करण्यातच सुट्टी संपायची.

मधे एकदा एका माणसाला पैसे देऊन बेट साफ करायला सांगितलं होतं, मी तेव्हा तिथे नव्हते आणि तिथेच चुकलं. त्याने बाहेर उभं राहून हाताला येतील तेवढे बांबू तोडले. हाताला येतात ते कुठले, तर कडेचे, म्हणजे सगळे कोवळे, एक-दोन वर्षांचे. आणि तोडले कुठे, तर छातीच्या उंचीवर, कोयत्याने तिरके घाव घालून. मी आले तेव्हा बेटाभोवती भाल्यांसारखे खुंट उभे होते, प्रत्येक खुंटात पावसाचं पाणी साचलेलं, त्यात डासांच्या अळ्या, आणि आतले म्हातारे बांबू जिथल्या तिथे, वाळलेले, एकमेकांत अडकलेले. पुढच्या पावसात कोंब आले ते मनगटाएवढे. मला खरंच रडू आलं होतं.

हे असं का होतं ते समजून घेतलं की बांबू कसा तोडायचा ते वेगळं शिकावं लागत नाही. बांबू हे गवत आहे, झाड नाही. कोंब जमिनीतून जेवढा जाड वर येतो तेवढाच जाड तो मरेपर्यंत राहतो, तीनचार महिन्यांत त्याची पूर्ण उंची होते आणि मग जाडी वाढत नाही, फक्त आतून पक्का होत जातो. नवा कोंब फुटतो तो मुख्यतः गेल्या एक-दोन वर्षांच्या बांबूंच्या कंदातून, आणि त्याला लागणारं अन्न शेजारच्या उभ्या बांबूंच्या पानांतून येतं. म्हणजे बेट आतून बाहेर सरकत जातं, म्हातारे मधे, पोरं कडेला. कडेची पोरं तोडली की पुढच्या वर्षीच्या कोंबांची आईच गेली. आणि मधले म्हातारे ठेवले की ते तिथेच कुजतात, जागा अडवतात, उजेड अडवतात.

शेजारचे आबा (बाबांचे मित्र, सत्तरी ओलांडलेली) बेट बघून एवढंच म्हणाले, "बाय, म्हातारे आदी काढ, पोरांका रवांदे."

मग गेल्या डिसेंबरात आठ दिवसांची रजा टाकून बसलेच. तोडायचे दिवस हेच, पाऊस पूर्ण थांबून कोंब उभे राहून पक्के झाले की पुढे फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यात बेटाला हात लावायचा नाही, कोंब इतके ठिसूळ असतात की नुसता पाय लागला तरी मोडतात. पावसाळ्याच्या तोंडावर बांबूत साखर-पिष्ट जास्त असतं, तेव्हा तोडलेल्याला बारीक भुंगेरे लागतात आणि दोनतीन महिन्यांत खाली पिवळ्या पिठाचा सडा पडतो. आबा अंधाऱ्या पक्षाशिवाय बांबूला कोयता लावत नाहीत, म्हणून तारखा तशाच धरल्या.

पहिला दिवस नुसता बघण्यात घालवला, आणि तो वाया गेला असं मला अजिबात वाटत नाही. प्रत्येक बांबूचं वय ओळखायचं होतं. यंदाचा असेल तर बुडाशी टरफलं चिकटलेली असतात आणि अंगावर पांढरी भुकटी, बोट फिरवलं तर रेघ उमटते. दुसऱ्या वर्षाचा स्वच्छ, गडद हिरवा. तीन-चार वर्षांच्या पुढचा मळकट होतो, अंगावर दगडफुलासारखे पांढुरके डाग येतात, आणि कोयत्याच्या पाठीने ठोकलं तर खणखणीत वाजतो, कोवळा बद्द वाजतो. मी ऑइल पेंटचा डबा घेऊन यंदाच्या सगळ्यांवर सालाचे दोन आकडे घातले, आता दरवर्षी घालणार, म्हणजे चार वर्षांनी कुणी परका माणूस आला तरी त्याला विचारावं लागणार नाही. तोडायचे त्यांना लाल सुतळी. आणि हे करताना पानांत नीट बघायचं, चापडा हा विषारी साप बांबूच्याच रंगाचा असतो आणि हलत नाही, आम्हाला एक दिसला डोळ्याच्या उंचीवर फांदीला वेटोळं घालून, त्याला त्याचा जाऊ दिला आणि तासभर दुसरीकडे काम केलं.

हत्यारांबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण मी इथे बराच वेळ घालवलाय. कुऱ्हाड बांबूला नाही, गुळगुळीत पोकळ अंगावरून उसळते आणि लागली तर चीर पाडते. कोयता फांद्या उतरवायला, तोही फांदीच्या खालून वर मारायचा, वरून मारला की सालपट सोलत खाली जातं. आबांचा पुतण्या चेनसॉ घेऊन आला होता, दोन बांबू तोडले आणि साखळीच्या झाकणात धाग्यांचा बोळा अडकला, शिवाय बांबूत सिलिका असते त्याने साखळी लवकर बोथट होते, आणि त्या दाटीत दोन खुंटांच्या मधे उभं राहून चेनसॉ चालवणं मला धोक्याचंच वाटलं. आमचं खरं काम झालं ते जपानी पद्धतीच्या ओढायच्या करवतीने, घडीची, बारीक दातांची, ढकलताना नाही तर आपल्याकडे ओढताना कापते. पातं पातळ, अरुंद जागेत शिरतं, आणि काप असा येतो की हात फिरवला तर कूस लागत नाही. बाकी जाड दोर, पहार, चामड्याचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, गॉगल. कोंबाच्या टरफलावरची बारीक तपकिरी कुसं अंगात शिरली की दोन दिवस खाज जात नाही.

आत शिरायला घोड्याच्या नालेसारखी वाट केली, म्हणजे बेटाच्या ज्या बाजूला पोरं कमी त्या एकाच बाजूने आत घुसायचं, मधले म्हातारे काढत जायचं, बाकी तीन बाजूंची कड तशीच ठेवायची. सगळ्यात आधी ते छातीएवढे जुने खुंट खाली घेतले, त्यातच दीड दिवस गेला.

एक बांबू मला लक्षात राहिलाय. बरोबर मधोमध, व्हाळाकडे झुकलेला, साडेपाच इंच जाड. झुकलेला बांबू ताणलेला असतो आणि ताणाच्या बाजूने थेट कापत गेलं तर तो अर्ध्यात उभा फाटतो आणि फाटलेला भाग झटक्याने वर उडतो, समोर तोंड असेल तर संपलंच. म्हणून आधी झुकलेल्या बाजूने खालून एक तृतीयांश काप, मग पाठीमागून, जरा वरच्या अंगाने. गुडघ्यावर बसून जमिनीलगतच्या पहिल्या पेराच्या अगदी वर करवत लावली, पेराच्या वर बोटभरही नळी ठेवायची नाही म्हणजे पाणी साचत नाही. करवतीतून ओला पांढरा भुसा यायला लागला, उसासारखा गोडसर वास, आणि मग एकदम कर्रर्र आवाज झाला. मी मागे सरकले. आणि तो पडलाच नाही! बुडखा तुटून बाजूला अर्धा फूट सरकला आणि तसाच उभा राहिला, वर शेंडा दहा जणांत अडकलेला. आबा म्हणाले, "तोडूक येळ लागणा नाय, भायर ओढूक लागता." मग बुडख्याला दोर बांधून तिघांनी व्हाळाच्या उलट्या बाजूला ओढला, ओढताना त्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. आठ दिवसांत सतरा बांबू काढले. यंदाचे आणि गेल्या वर्षीचे सगळे ठेवले, आणि थोडे तीन वर्षांचेही, आधाराला, नाहीतर वाऱ्यात पोरं आडवी होतात.

तोडलेल्याचे दहा-दहा फुटांचे तुकडे करून व्हाळाच्या कोंडीत दगडांखाली बुडवून ठेवले, महिनाभर, म्हणजे आतलं पिष्ट धुऊन जातं. वास येतो घाण, पण किडीला खायला काही उरत नाही. मग सावलीत उभे करून वाळवले.

(बांबू स्वतःच्या जमिनीतला असेल तर तोडायला परवानगीचा घोळ राहिलेला नाही. 1927 च्या वन कायद्यात बांबू झाडांच्या व्याख्येत होता, 2017 च्या दुरुस्तीने तो काढला.)

आता कंद. मावशीला आणि दोन शेजाऱ्यांना रोप हवं होतं. मी उत्साहात डिसेंबरातच एक कंद काढून लावला आणि तो फेब्रुवारीपर्यंत वाळून खडखडीत झाला, थंडीत मुळं धरतच नाहीत. दुसऱ्यांदा मृगाच्या आधी, पहिली सर पडून माती भिजल्यावर काढले. कडेचा एक वर्षाचा बांबू निवडायचा, जमिनीवर तीनचार पेरं ठेवून वरचा भाग आधी कापून टाकायचा, मग टिकावाने लांबून माती उकरत कंदापर्यंत यायचं. कंद आईच्या कंदाला एका अरुंद मानेने जोडलेला असतो, घाव तिथेच घालायचा, इथे मात्र कुऱ्हाड किंवा पहार, नाहीतर जुनी करवत, चांगली करवत मातीत घातली की गेली. कंदावरचे फुगीर डोळे शाबूत राहिले पाहिजेत, कारण पुढचे कोंब त्यातूनच. एक कंद काढायला आम्हा दोघांना अडीच तास लागले आणि तो गोणपाटात गुंडाळून उचलायलाही दोघंच. त्याच दिवशी लावायचा, दोन फूट खड्डा, आणि दोन बेटांत सात-आठ मीटर अंतर.

एवढी ताकद नसेल तर या जातीत आणखी एक सोय आहे, खालच्या जाड फांद्यांच्या बुडाशी फुगीर गाठ असते आणि तिला आधीच बारीक मुळं डोकावत असतात, ती गाठ फांदीसकट कापून पिशवीत लावली की रोप होतं. मावशीला मी तेच दिलं.

आणि कुणाकडूनही कंद घेताना एक विचारून घ्या, मूळ बेट किती जुनं आहे. बहुतेक बांबू कित्येक दशकांनी एकदाच फुलतात आणि फुलून मरतात. कंद किंवा फांदीपासून केलेलं रोप दिसायला नवं असलं तरी वय आईचंच घेऊन येतं, आई फुलली की तेही त्याच सुमाराला फुलायचं.

गणपतीला घरी गेले तेव्हा आधी मागेच पळाले. बेटाच्या कडेला नऊ कोंब, त्यातले चार बाबांच्या वेळच्यासारखे, माझ्या मांडीएवढे. शेजारी लावलेल्या कंदालाही दोन फुटलेत, अंगठ्याएवढे बारीक, आईची जाडी गाठायला त्यांना पाचसहा वर्षं लागतील. आबा काठी टेकत आले, मोठ्या कोंबाच्या टरफलावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले, आणि मग मला रंगाचा डबा कुठे ठेवलाय ते विचारलं.