रोडबाईक जड का चालते, आणि टायर हातात पडेपर्यंत काय काय होतं: माझा अनुभव

रोडबाईक जड चालते म्हणून फ्रेम विकायला काढण्याआधी टायर बदला. मूर्तिजापूर-दर्यापूर पट्ट्यातल्या रस्त्यांवर दोन सायकलींतला फरक मुख्यतः तिथंच निघतो. दोष टायरचा आहे हे ओळखायला एक सकाळ पुरते. पण योग्य टायर तालुक्याच्या गावात हातात पडेपर्यंत जो वेळ आणि जीव जातो, त्याबद्दल कुणी लिहीत नाही. माझं सगळं तिथंच अडलं होतं, त्यामुळे मी त्याबद्दलच जास्त लिहिणार आहे.

आधी ओळखायचं कसं ते सांगतो. माझी सायकल ॲल्युमिनियमची, दहा किलोच्या आसपास. मित्राची कार्बनची, दोन किलोनं हलकी. त्याची पळते आणि माझी ओढावी लागते, म्हणजे कार्बनचाच फरक, असं दुकानदारापासून सगळे म्हणत होते. हे तपासायला रेल्वेचा उड्डाणपूल पुरतो. पहाटे वारा पडलेला असताना पुलाच्या माथ्यावरून, ठरलेल्या खुणेपासून, पायडल न मारता सायकल सोडायची. बसणारा माणूस तोच, कपडे तेच, हात हँडलवर त्याच जागी. खाली सपाटीला सायकल कुठं थांबते तिथं खडूनं खूण करायची. मग दोन्ही सायकलींची चाकं आपसांत बदलायची आणि पुन्हा सोडायचं. रिमची रुंदी वेगळी असेल तर ब्रेकची केबल थोडी ढिली-घट्ट करून घ्यायची, रबर रिमला लागता कामा नये. चाकं बदलली आणि जडपणा चाकांबरोबर कार्बनच्या सायकलीवर गेला. फ्रेमचा प्रश्न तिथंच मिटला.

चाक हातानं फिरवून ते किती वेळ फिरतं हे बघून काही कळत नाही. जड रिमचं चाक जास्त वेळ फिरतं, एवढंच. छर्रे आणि ग्रीस ठीक असेल तर हबमध्ये एका वॅटपेक्षाही कमी ताकद जाते. चाकाचा आऊट काढलेला असावा, ब्रेक घासत नसावा, चेन पुसून तेल दिलेली असावी. कापसाच्या दिवसांत रस्त्यावरची धूळ चेनवर बसून काळी लेई होते, ती रॉकेलनं धुतली की काही वॅट परत मिळतात. हे सगळं गावातला मिस्त्री चांगलं करतो, त्यात अडचण नाही.

आता आकडे. सायकल आणि माणूस मिळून ८२ किलो, वेग ताशी २५ किलोमीटर धरा. चांगल्या टायरचा घर्षणांक (चाक फिरताना वजनाच्या किती पट अडथळा होतो तो आकडा) ०.००४ च्या जवळ असतो, जाड, कडक टायरचा ०.००८ पर्यंत जातो. या दोन टायरांमधला फरक सुमारे २२ वॅट होतो. आरामात चालवणारा माणूस १२० वॅटच्या आसपास ताकद लावतो, त्यातले २२ वॅट जाड टायर जास्तीचे खातो. त्याच ताकदीत टायर बदलला तर ताशी दोन किलोमीटरहून जास्त वेग वाढतो. याउलट सपाटीवर सायकल दोन किलोनं हलकी केली तर एक वॅटही वाचत नाही. वजनाचा हिशेब चिखलदऱ्याच्या घाटात लागतो. तिथं तासाभराच्या चढाला दोन किलोमुळे दीड मिनिटाच्या आसपास फरक पडेल. पूर्णेच्या काठच्या सपाट मुलखात रोज चालवणाऱ्यानं वजनासाठी चाळीस-पन्नास हजार घालवू नयेत, हे मी ठामपणे सांगतो.

टायरमध्ये ताकद जाते ती रबर दबण्यात आणि परत फुगण्यात. तारेच्या काठाचा स्वस्त टायर असतो, त्याचे धागे जाड असतात, वर पंक्चर थांबवायला रबराचा जाड थर असतो. चाकाच्या प्रत्येक फेरीला तो थर दबतो आणि त्यात गेलेली सगळी ताकद परत मिळत नाही, ती उष्णता होऊन जाते. बारीक धाग्याचा, घडी घालता येणारा टायर सहज दबतो, सहज फुगतो. दुकानात हातात घेऊन बघा: टायरची बाजू दोन बोटांत चुरगळली तर चालेल, पुठ्ठ्यासारखी ताठ राहिली तर नको.

इथवर सगळं सरळ होतं.

तालुक्याच्या गावात '२८ चा टायर' मागितला की मिळतो तो २८ × १½, म्हणजे आपल्या जुन्या काळ्या दांडीच्या सायकलचा. त्याच्या काठाचा व्यास ६३५ मिलिमीटर. रोडबाईकच्या ७००सी रिमचा व्यास ६२२. तेरा मिलिमीटरचा फरक आहे, तो टायर रिमवर सैल बसतो आणि हवा भरताच निघतो. मिस्त्री म्हणतो, "अठ्ठावीसचाच हाय भाऊ, बसत कसा नाही?" त्याच्या दृष्टीनं तो बरोबर असतो, कारण ७००सीलाही लोक अठ्ठावीसच म्हणतात, आणि रोड टायरची रुंदीही बऱ्याचदा २८ मिलिमीटर असते. एक अठ्ठावीस व्यासाचा, दुसरा रुंदीचा. जुन्या स्पोर्ट्‌स सायकलींचा २७ × १¼ टायर आणखी वेगळा, त्याचा व्यास ६३०. तोही बसत नाही. म्हणून इंचांत बोलूच नका. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात दोन आकडे असतात: २८-६२२ किंवा २५-६२२. पहिला रुंदी, दुसरा व्यास. कागदावर ६२२ लिहून दाखवा आणि टायरवर ६२२ दिसल्याशिवाय पैसे देऊ नका.

ट्यूबचंही तेच. गावात मिळणाऱ्या ट्यूबचा वॉल जाड असतो, रोडबाईकच्या रिमचं भोक साडेसहा मिलिमीटरचं. त्यात फक्त बारीक, वरून नट फिरवून उघडायचा प्रेस्टा वॉल जातो. 'ड्रिल मारून देतो' असं कुणी म्हटलं तर हात जोडून नको म्हणा. भोक मोठं केलं की रिम तिथं कमजोर होते आणि पुढं प्रेस्टा वॉल त्यात हलत राहतो.

म्हणजे ऑनलाइन मागवणं आलं. आणि इथं माझा जो संताप झाला तो अजून उतरलेला नाही. साइटवर पिनकोड टाकला की हिरवी खूण येते, 'डिलिव्हरी उपलब्ध'. पैसे कापले जातात. पार्सल जिल्ह्याच्या गावापर्यंत येतं आणि तिथं बसतं. मग मोबाइलवर मेसेज येतो: 'ग्राहक उपलब्ध नव्हते.' फोन आलेला नसतो, गावात कुणी आलेलं नसतं. दुसऱ्या दिवशी 'पत्ता अपूर्ण', तिसऱ्या दिवशी पार्सल परतीच्या वाटेला. तक्रार करायला फोन लावावा तर मशीन बोलतं, माणूस भेटलाच तर तो विचारतो, "जवळची खूण काय?" गावाचं नाव, तालुका, जिल्हा, पोस्ट, शाळेसमोर असं सगळं पत्त्यात लिहिलेलं असताना. खरं कारण त्यांच्या तोंडून कधी निघत नाही: गावाकडं येणारं पार्सल एकच असेल तर त्यासाठी गाडी पाठवणं त्यांना परवडत नाही. तसं स्पष्ट सांगितलं असतं तर मी स्वतः बसनं जाऊन पार्सल घेऊन आलो असतो. खोटा शेरा मारून परत पाठवण्यात कुणाचं काय भलं होतं? पैसे परत मिळायला वेळ लागतो, तोवर दुसरी ऑर्डर द्यायला हात धजत नाही, आणि सायकल भिंतीला टेकून उभी.

याच्यावर जे उपाय चालतात ते सांगतो. विक्रेत्याला आधी फोन करून स्पीड पोस्टानं पाठवायला सांगा. पोस्टमन गावात येतोच, त्याला पत्ता समजावावा लागत नाही. पोस्ट नको असेल तर पत्ता तालुक्याच्या मुख्य रस्त्यावरच्या एखाद्या ओळखीच्या कृषी केंद्राचा किंवा मेडिकलचा द्या, दुकान दिवसभर उघडं असतं. नागपूर-अमरावतीत दुकानात टायर मिळत असेल तर एसटीनं किंवा ट्रॅव्हल्सनं पार्सल मागवणं सगळ्यात खात्रीचं, बस लागते त्या थांब्यावर जाऊन उभं राहायचं. ऑर्डर देताना दोन टायर आणि तीन ट्यूब एकदमच मागवा, पुन्हा या फेऱ्यात पडायची ताकद राहत नाही. आणि पार्सल घेतल्या घेतल्या, पोस्टमन समोर असतानाच आकडे वाचा. ७०० × २८ च्या डब्यात ७०० × ३२ चा टायर निघू शकतो, आणि तो जुन्या रिम-ब्रेकच्या फ्रेममध्ये जात नाही.

२८ चा टायर तरी जाईल का, हे ऑर्डर देण्याआधीच मोजायचं असतं. आत्ता लावलेल्या टायरच्या वर, ब्रेकच्या कमानीखाली ६ मिलिमीटरचा एलन पाना सरकवून बघा. २५ चा टायर असताना तो मोकळा सरकला तर २८ चा बसल्यावरही ३ मिलिमीटरच्या आसपास फट उरते. मागं सीटच्या नळीजवळ आणि दोन्ही बाजूंनाही बघा. एवढी फट नसेल तर २५ चाच घ्या. आपली काळी माती पहिल्या पावसात टायरला लपेटून वर येते आणि फट कमी असली की चाक जागच्या जागी थांबतं.

बसवताना: नवा घडीचा टायर फार घट्ट असतो. अर्धा तास उन्हात ठेवला की नरम पडतो, आपल्याकडं ऊन तर भरपूर. ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरा, टाल्कम पावडर चोळा. बसवायला सुरुवात वॉलच्या समोरच्या बाजूनं करा आणि शेवट वॉलपाशी. शेवटचा वीतभर भाग अंगठ्यांनी ढकला. लोखंडी पट्टीनं उचकटलं की ट्यूब चिमटते आणि हवा भरताना फुटते. हवा पूर्ण भरण्याआधी वॉल एकदा आत ढकलून सोडा, म्हणजे ट्यूब टायरच्या काठाखाली अडकत नाही.

आता हवा. टायरवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी भरायची असते असा त्याचा अर्थ नाही. ११० पीएसआयला (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) सायकल फार वेगवान वाटते, कारण हँडलमध्ये सतत बारीक थरथर येते आणि मेंदू त्या थरथरीला वेग समजतो. प्रत्यक्षात आपल्या खडीच्या डांबरी रस्त्यावर ती थरथर म्हणजे वाया गेलेली ताकद असते: दगडागणिक अख्खी सायकल आणि माणूस वर उचलला जातो. ८२ किलो वजनाला खऱ्या २८ मिलिमीटर टायरमध्ये पुढं ६८, मागं ७५ पीएसआय ठेवतो. त्याच उड्डाणपुलावर, त्याच पद्धतीनं, पाच-पाच पीएसआय कमी-जास्त करून तुमचा आकडा शोधा. लोणी ते माना या अमरावती-अकोला महामार्गाच्या पट्ट्यावर, जिथं जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत एका लेनच्या हिशेबानं सलग ७५ किलोमीटर डांबराचा विक्रम झाला, पृष्ठभाग इतका सपाट आहे की पाच पीएसआय जास्त चालते. तिथून गावाच्या रस्त्याला वळलं की तीच सायकल जड होते. त्यात सायकलीचा दोष काही नाही.

हवा भरायला गेज असलेला उभा पंप घ्या. अडचणीत पितळेचा छोटा अडॅप्टर लावून पेट्रोल पंपावरही भरता येते, पण भरणाऱ्याला आकडा स्वतः सांगा. उन्हात उभी सायकल असेल तर लक्षात ठेवा: सकाळी २५ अंशाला भरलेले ८० पीएसआय दुपारी ४५ अंशाला ८६ होतात. आणि हिवाळ्यात पहाटे सायकल जड वाटते ते खरंच असतं, १२ अंशाची हवा ४२ अंशाच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्के दाट असते आणि थंड रबरही जास्त ताकद खातं.

हवेवरून आठवलं, टायरनंतर दुसरा मोठा फरक बसण्याचा. ताशी ३० च्या वर बहुतेक ताकद वाऱ्याला फाडण्यात जाते, आणि वाऱ्याला अडवतो मुख्यतः माणूस. मित्राच्या सायकलीचं हँडल खाली होतं म्हणून तिच्यावर बसलं की वाऱ्यात फरक जाणवायचा. हँडलच्या खालच्या रिंगा काढून वर लावा, कोपर वाकवा, फडफडणारा शर्ट घालू नका. हे फुकट आहे. सीटची उंची मात्र आधी ठीक करा: जांघेपासून जमिनीपर्यंतचं माप गुणिले ०.८८३, तेवढी क्रँकच्या मध्यापासून सीटच्या वरपर्यंत. ८० सेंटिमीटरला ७०.६. ही सुरुवात, पुढं अर्धा-पाऊण सेंटिमीटर इकडं-तिकडं.

फ्रेमचा वाटा अगदीच नाही असं नाही. मागचा त्रिकोण आखूड आणि पुढचा काटा उभट असला की सायकल हातात चटकन वळते, उभं राहून पायडल मारलं की लगेच उचल घेते. ते सुख वेगळं आहे आणि मला ते आवडतं. पण उड्डाणपुलाखाली खडूची खूण त्यानं पुढं सरकत नाही.

बाभळीचे काटे आणि सराटे यांचं काय, हा प्रश्न येतोच. पातळ टायरला पंक्चर थोडी जास्त होतात. धुऱ्याच्या कडेनं, पांदणीतून रोज जायचं असेल तर जाड टायरच ठेवा. पक्क्या रस्त्यावर चालवणाऱ्यानं परत आल्यावर टायरवरून ओला कपडा फिरवावा आणि रुतलेला काटा तेव्हाच काढावा, बरेच काटे पहिल्या दिवशी आत पोचलेले नसतात. प्लास्टिकसारख्या पातळ टीपीयू ट्यूब हलक्या आणि वेगवान आहेत, पण त्यांना आपलं नेहमीचं सोल्युशन-पॅच चिकटत नाही, त्यांचेच पॅच जवळ ठेवावे लागतात. सीलंट (पंक्चरचं भोक आतून बुजवणारं द्रव) आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतं, त्याच्या भरवशावर राहू नका.

मागचा टायर लवकर घासतो. नवा टायर आला की तो पुढं लावा, पुढचा मागं न्या, मागचा काढून टाका. आणि मागच्याची गोलाई जाऊन पट्टा सपाट दिसायला लागला की त्याच आठवड्यात पुढची ऑर्डर द्या, पावसाळा लागायच्या आत.