अळणी नदीकाठची बेगमी

कंबोडियाला आम्ही गेलो ते अंगकोर बघायलाच, सगळे जातात तसेच. जानेवारीचा शेवट होता, आई आणि मी. पण घरी येऊन महिना झाला तरी डोक्यात देवळांपेक्षा मासेच जास्त आहेत, म्हणून आधी त्यांच्यावरच लिहितेय.

सुरुवात देवळातच झाली खरं तर. तिथल्या बायोन देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर ख्मेर (म्हणजे कंबोडियाचे) आणि शेजारच्या चंपा राज्याचे चाम यांच्या सैन्यांची होड्यांमधली लढाई कोरलेली आहे, आठशे वर्षांपूर्वीची, आणि त्या होड्यांच्या खाली पाण्यात मासेच मासे. गाइड लढाई समजावून सांगत होता आणि आई माशांसमोर उभी. म्हणाली, "अगं, ज्याने हे कोरलं ना, त्याने मासा हातात धरलेला आहे."

आम्ही रत्नागिरीकडचे, त्यामुळे मासा म्हणजे खाऱ्या पाण्यातला. तळ्यातला, नदीतला मासा मातकट लागतो असं ऐकतच मोठी झाले आणि मीही तेच म्हणत आले. आणि इथे अख्खा देश गोड्या पाण्यातल्या माशावर उभा! कंबोडियात माणसाला मांस-मच्छी-अंडी यातून जेवढं प्रोटीन मिळतं त्यातलं दोन-तृतीयांशाहून जास्त माशांचं, आणि तो मासा बहुतेक नदी, तळं आणि भातखाचरातला. 'पाणी आहे तिथे मासा आहे' अशी त्यांची म्हणच आहे.

हे सगळं ज्याच्या जिवावर चालतं तो तोन्ले साप तलाव. तोन्ले म्हणजे मोठी नदी आणि साप म्हणजे खारट नसलेलं, बेचव, आपण अळणी म्हणतो ना तसं. आपण त्याच पाण्याला गोडं म्हणतो, ते अळणी म्हणतात, मला फार आवडलं हे. उन्हाळ्यात हा तलाव जेमतेम अडीच हजार चौरस किलोमीटर असतो आणि कमरेएवढं पाणी. मग पावसाळ्यात मेकाँग नदी इतकी फुगते की तलावातून तिला जाऊन मिळणारी तोन्ले साप नदी चक्क उलटी वाहायला लागते, पाणी परत तलावात शिरतं, आणि तलाव पाच-सहा पट पसरतो, खोली आठ-नऊ मीटरपर्यंत जाते. काठचं जंगल पाण्याखाली जातं आणि त्या बुडलेल्या झाडांमध्ये मासे चरतात, वाढतात, पिल्लं तिथेच मोठी होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात नदी परत सरळ झाली की मासे पाण्याबरोबर बाहेर पडतात आणि माणसं जाळी लावून बसलेलीच असतात.

अंगकोरजवळच्या सिएम रीप शहरातून तलावाकाठच्या कोम्पोंग ख्लेआंग गावात गेलो. उंचच उंच खांबांवर घरं, खांबांवर पावसाळ्यातल्या पाण्याची रेघ आमच्या डोक्याच्या कितीतरी वर. आमच्या टुकटुकवाल्या दादांनी (तिकडे 'बोंग' म्हणायचं, मोठा भाऊ किंवा मोठी बहीण) ओळखीच्या घरी जेवायला नेलं. भात, आंबट रस्सा आणि बोटाएवढे तळलेले मासे. समोर पाचेक वर्षांची मुलगी बसली होती, तिने मासा उचलला आणि डोक्यासकट, काट्यांसकट चावून खाल्ला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. मी मात्र सवयीने डोकं बाजूला काढत होते, आणि खरं तर जास्त शहाणं जेवण तिचं होतं. छोट्या माशाचं कॅल्शियम काट्यांत, आणि बऱ्याच जातींत व्हिटॅमिन ए डोळ्यांत आणि पोटातल्या भागात. मोठ्या माशाचा साफ केलेला तुकडा खाल्ला तर प्रोटीन मिळतं, पण हे सगळं फेकलं जातं. टुरिस्टांच्या ताटात येतो तो केळीच्या पानातला आमोक, तो छानच असतो, पण गरिबाचं घर चालतं ते या चिल्लर माशांवर.

त्यातला मुख्य म्हणजे त्रेय रिएल. त्रेय म्हणजे मासा. तिथल्या नोटेचं नावही रिएलच, माशावरूनच पडलं असं लोक सांगतात, अभ्यासक मात्र स्पॅनिश नाण्याकडे बोट दाखवतात. काही का असेना, डिसेंबर ते फेब्रुवारी पौर्णिमेच्या आधीच्या दिवसांत हा मासा नदीतून थव्याथव्याने येतो, आणि त्याचं प्राहोक होतं, म्हणजे खारवून मुरवलेला मासा.

ते बघायला बत्तांबांग शहरात गेलो, तिथे प्राहोकचा वेगळा बाजारच आहे. वास लांबूनच येतो. बायका ओळीने बसून मासे कापत होत्या, डोकं उडवायचं, पोट साफ करायचं, पुढचा. मग खवलं काढायची, धुवायचं, निथळू द्यायचं, मीठ चोळायचं, ऊन द्यायचं, कुटायचं आणि रांजणात दाबून ठेवायचं, निदान काही आठवडे, चांगलं हवं तर वर्ष-दोन वर्षंसुद्धा. भात पिकवणारे लोक लांबून येऊन वर्षाचा मासा घेऊन जातात, पूर्वी बैलगाडीतून भात आणायचे आणि बदल्यात मासा न्यायचे. मासा मुबलक असतो तीनच महिने पण खायला तर बारा महिने लागतं. आईला काही समजावून सांगावं लागलं नाही. म्हणाली, "ही बेगमी गं, आपण मेमध्ये सुकट भरून ठेवतो तशीच."

आणि म्हणूनच जीव तुटतो. मेकाँगवर वर चीनमध्ये, लाओसमध्ये धरणं झाली, पावसाळ्याचा फुगवटा कमी झाला, काही ठिकाणी माशांच्या वाटाच अडल्या. 2019 ला त्यात दुष्काळाची भर पडली, नदी उलटी फिरायला उशीर झाला आणि पाणीही फार दिवस शिरलं नाही. 2020 मध्ये कंबोडियाने आपल्या हद्दीत मेकाँगच्या मुख्य प्रवाहावर दहा वर्षं नवं धरण बांधणार नाही असं ठरवलं, पण वरच्या धरणांवर त्यांचा काय ताबा! मासा कमी झाला तर कोंबडी खा असं म्हणायला सोपं आहे. तलावातल्या माशाला कोणी दाणे घालत नाही, कोंबडीला घालावे लागतात, म्हणजे पैसे लागतात. आजही तिथे पाच वर्षांखालच्या पाचातल्या एका मुलाची वाढ खुंटलेली आहे, आणि स्वस्त मासा कमी झाला की पहिला फटका त्याच घरांना.

बाजारातून निघताना आई एका रांजणापाशी थांबली. मूठ दाखवून, बोटं मोजून तिने त्या बाईंना विचारलं मीठ किती. त्या बाईंनी आधी स्वतःचे हात पुसले, मग आईचा हात धरून मिठाच्या परातीत घातला, ओंजळ भरून दिली, आणि माशांच्या ढिगाकडे बोट करून सांगितलं, एवढ्याला एवढं. आई म्हणाली, "आपल्यापेक्षा जास्त घालतात." आणि तिथेच बसली, पुढचा अर्धा तास.